मातीच्या विहिरीवरची आय

"बाटवली! गुरुजी, हिनं विहीर बाटवली!"

भातगिरणीवाल्याचा मुलगा असा ओरडला की अख्खा वर्ग उठून उभा राहिला. विहीर होती वीतभर उंचीची. मातीची. आत पत्र्याचा डबा बसवलेला आणि डब्यात घोटभर पाणी. चिमणीचीसुद्धा तहान भागली नसती त्यात. ती विहीर मी बाटवली होती.

मी तिसरीत होते, पनवेलला, बाजारामागच्या शाळेत. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. पोरांनी हातांनी काम करून शिकायचं, असं सगळ्या शाळांतून सुरू झालं होतं. टकळीवर सूत कातायचं, वाफे करायचे, मातीकाम करायचं. आमच्या गुरुजींनी ठरवलं, वर्गानं मिळून एक गाव करायचं. तपासणीला साहेब यायचे होते, त्यांना दाखवायला. व्हरांड्यात मोठी फळी मांडली. तिच्यावर देऊळ, चावडी, घरं, आणि मधोमध विहीर.

माती कुणी आणायची? मी. गुरुजी म्हणाले, "तुला सवय आहे चिखलाची." शाळा सुटली की मी घमेलं घेऊन खाडीवर जायची. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं, काळी चिकट माती भरायची, खडे वेचायचे, मग पायांनी तुडवायची. माझ्या पायांनी तुडवलेल्या त्या मातीचं त्यांनी देऊळ केलं. कळससुद्धा केला. तेव्हा काही बाटलं नाही.

माझ्यासाठी फळीच्या खाली, जमिनीवर, एक वीट ठेवली होती. तो आमचा महारवाडा. "तुमच्यातलं एखादं माणूस कर आणि तिथं ठेव," गुरुजींनी सांगितलं.

मी आय केली. माझी आय त्याच भातगिरणीत कोंडा पाखडायची. दुपारी घोटभर पाणी हवं असलं तर गिरणीच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, कमरेवर कळशी घेऊन. काठाला शिवायचं नाही. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही आली तर उन्हात ताटकळत राहायचं. मी तिला अश्शीच केली. उभी, कमरेवर कळशी. पण कळशीचा भार एकीकडे गेला आणि बाई सारखी कलंडायची. नाक चेमटलं, पुन्हा काढलं. परत पडली. विटेवर टेकायला काहीच नव्हतं. म्हणून सुकेपर्यंत मी तिला विहिरीच्या काठाला टेकवली.

एवढंच हो. शप्पथ, एवढंच. बंडबिंड मला कुठलं ठाऊक? आपली आय पडू नये, इतकंच माझ्या डोक्यात होतं.

गुरुजी छडी घेऊन आले. डब्यातलं पाणी गिरणीवाल्याच्या पोरानं घरून पितळी तांब्यातून आणलेलं. ते त्यालाच ओतून टाकायला लावलं आणि त्यालाच घरी पिटाळलं, गोमूत्र आणायला. मातीच्या विहिरीला गोमूत्र! ऐकणाऱ्याला हसू येतं. मला आजवर कधी आलेलं नाही.

"मोड ती बाहुली," गुरुजी म्हणाले.

ते स्वतः मोडू शकत नव्हते. हातात घ्यावी तर विटाळ, छडीनं हाणावी तर ओली विहीर ढासळणार. म्हणजे मोडायची मीच.

माझे गुडघे लटपटायला लागले. परकर ओला झाला तो पोरांनी पाहिला, आणि जी हसायची ती हसली. हात पुढे गेला नाही. धीट होते म्हणून नव्हे, त्या वेळी मला हात आहेत हेच समजेना.

"उद्या आईला घेऊन ये. तिच्यासमोर मोडायची. नाही मोडलीस तर शाळा बंद."

आयला सांगितलं तर आधी तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मग कपाळाला हात लावून बसली. "काय केलंस गो बाय! आता माजं गिरनीतलं काम जायाचं. खायाचं काय आपुन?" ती माझ्याहून जास्त घाबरली होती. आयचा असा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, आणि मग माझ्या भीतीला कुठं टेकायलाच जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पायऱ्यांच्या खाली उभी राहिली, डोक्यावरून पदर घेऊन. वर व्हरांड्यात सगळा वर्ग. गुरुजी वरूनच म्हणाले, "सांग तुझ्या पोरीला."

"मोड गो बाय," आय म्हणाली. "मातीची तं हाय."

ज्या आवाजात ती गिरणीवर पाणी मागायची, तोच आवाज होता. हुबेहूब तोच. मला संताप आला होता का? होता. पण त्याहून भीती मोठी होती. वाटलं, ही मोडली की मीही जन्मभर याच आवाजात बोलणार.

विहिरीला टेकलेली बाहुली मी उचलली. सुकून हलकी झाली होती, तिच्या गालावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाय मोडणार," मी म्हटलं. "ती माजी आय हाय."

"हात पुढे कर."

केला. माणसाला शिवलेलं चालत नाही, छडीनं शिवलेलं चालतं. तळहात सुजेपर्यंत शिवले गुरुजी. मी गुरासारखी ओरडले, रडले, नाक गळत होतं. कसली आलीय शूरता! पण डाव्या हातातली बाहुली मी सोडली नाही.

आय ते बघत होती. मार थांबल्यावर तिनं खालूनच विचारलं, "ती मी हाय?"

मी मान डोलावली. त्यानंतर ती मला 'मोड' म्हणाली नाही.

त्याच दिवशी तिचं गिरणीतलं काम गेलं. मग ती मिठागरात मिठाच्या पाट्या वाहू लागली, पायांना भेगा पडून त्यांत मीठ जायचं. माझं नाव शाळेतून काढलं नाही, साहेबांना दाखवायला पटावर हवं होतं. दाराबाहेर बसवलं. मला पुन्हा तिथं जायचं नव्हतं, मी रोज सकाळी भीतीनं ओकायची. आय तोंड पुसून द्यायची आणि म्हणायची, "जा. बस." मी जायची. बसायची.

खाडीची माती ती, खारट. पुढे बाहुलीला मीठ फुटलं आणि तिचा भुगा झाला. झाला तर झाला. माझ्या हातानं नाही झाला.

भीती गेली असं कुणी समजू नये. कचेरीत कुणी खुर्चीतून आवाज चढवला की माझे गुडघे अजून कापतात. कापू देत. छडी मारायची असेल तर हा घ्या हात, पुढे केला. आमचं माणूस आमच्या हातानं मोडायला सांगाल, तर हा हात हलणार नाही.