बटण नसलेला टॅब

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी तंत्रज्ञानाचं भवितव्य ठरतं. ठरवणारे दोघंच, माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला अनेकदा समजावलंय आणि मी दरवेळी मान डोलावलीय. पोह्यांची पहिली बशी संपेपर्यंत दोघं सभ्य असतात. मग विषय निघतो: उद्याचा टॅब कसा हवा, आणि लॅपटॉप राहणार की जाणार.

नवरा टॅबवाला. त्याला घडी घालून खिशात मावणारा, भर उन्हात दिसणारा, हातातून पडला तरी न फुटणारा टॅब हवाय. "लॅपटॉप म्हणजे मांडीवर इस्त्री घेऊन बसायचं," तो म्हणतो. भाऊ लगेच उसळतो. "अरे, धड कीबोर्ड नाही, पेनड्राइव्ह लावायला जागा नाही. खेळणं आहे यार ते!" मी मध्ये विचारते, कोथिंबीर कोण निवडणार? त्यावर दोघंही पोह्यांची दुसरी बशी मागतात.

माझी आई आमच्याकडे राहते. तिच्यासाठी टॅब घ्यायचा ठरला तेव्हा हीच मंडळी कामाला लागली. कारण साधं होतं. मालवणकडे गावी असलेल्या माझ्या मामाला अर्धांगवायूचा झटका आला होता. त्याची वाचा गेली होती आणि तो जेवायला तोंड उघडेना. एकदा मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून त्याला आईचा चेहरा दाखवला, तर तिच्याकडे बघत बघत तो वाटीभर पेज प्यायला. तेव्हापासून त्याची सून दुपारी जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावणार असं ठरलं. त्या वेळी आम्ही सगळे कामावर, आणि आईकडे बटणांचा जुना फोन.

या टॅबसाठी भाऊ आणि नवरा पंधरवडाभर भांडले. रॅम, कॅमेरा, बॅटरी, पेन. आईने एकदाच तोंड घातलं. "ह्येका एक बटण नाय? दाबला की कॉल लागतलो असा?"

दोघं खो खो हसले. "आई, बटणांचा जमाना गेला गं," भाऊ म्हणाला.

टॅब आला, आणि जावयाने त्याची काळजी घ्यायला सुरुवात केली. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रिजच्या दारावरचं अजून आहे, कडेने काळं पडलंय. रिमोट पिशवीत असतो आणि पिशवीला रबरबँड. त्याच संस्कारात नवऱ्याने टॅबवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच ठेवलं, वरून काच चिकटवली आणि सगळं समोरून पारदर्शक असलेल्या पाऊचमध्ये घातलं. "आता बिनधास्त वापरा," तो म्हणाला. एवढा बंदोबस्त आमच्या दाराला नाही.

पहिल्या दुपारी कॉल वाजला. आईने बोट फिरवलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. गावाहून सुनेचा बटणांच्या फोनवर निरोप आला, "आत्या, तुम्ही दिसत नाय म्हणान मामांजी जेवक नाय." आई रडवेली झाली.

आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. यांची बोटं पाऊचवरूनही चालत होती, मग दोष कोणाचा? "आई, तुमची बोटं कोरडी पडलीत," नवरा म्हणाला. "वयाने झिजतात," भाऊ म्हणाला, आणि पुढच्या टॅबमध्ये म्हाताऱ्यांसाठी वेगळा सेन्सर हवा यावर तासभर बोलला. आईने बोटं धुतली, कोमट पाण्यात बुडवली, त्यांना खोबरेल लावलं. ज्यांनी जन्मभर मासे कापले, कपडे धुतले, नारळ खवले, त्या बोटांकडे ती आता परक्यासारखी बघायला लागली. मला त्या दोघांचा इतका संताप आला की त्या रविवारी पोह्यांत मीठच घातलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी रजेवर होते आणि नवरा आतल्या खोलीत हेडफोन लावून घरून काम करत होता. दुपारी टॅब वाजला. आईने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिचं डोकं फिरलं. तिने पाऊच ओढून भिरकावला. नखाने काचेचा कोपरा उचकटला, तशी काच आणि खालचं प्लास्टिक दोन्ही एकदम सुटून आलं. मी "अगं अगं" म्हणेपर्यंत तिने बोट लावलं होतं.

पहिल्या झटक्यात मामा दिसला. उशीला टेकवलेला, वाढलेली दाढी, तोंड घट्ट मिटलेलं. शेजारी सून पेजेची वाटी घेऊन.

"दादा, मी दिसतंय मां?" आई म्हणाली.

हेडफोनमधूनही गडबड ऐकू गेली तसा नवरा बाहेर आला. जमिनीवरचं प्लास्टिक बघून त्याचा चेहरा पडला. "आई, हे काढलंत? अहो, आता स्क्रॅच पडतील त्याला!"

"पडांदेत," आई मान न वळवता म्हणाली. "दादा, आ कर."

आणि मामाने आ केला.