बाबलकाकांची हलकी होडी

आमच्या लॅबमध्ये वस्तू हलक्या करण्याचं काम चालतं, पण किस्से मात्र साठत साठत चांगलेच जड झालेत! कणकवलीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सामंत सरांना एकच ध्यास. वजनाला कमी, पण ताकदीला लाकडाच्या वरचढ अशी फळी बनवायची. वर-खाली फायबरचे पातळ थर, मध्ये नारळाचा काथ्या. मी त्यांचा असिस्टंट, म्हणजे हात चिकट करून घेणारा.

हे सगळं कुणासाठी? आचऱ्याच्या बाबलकाकांसाठी. काकांची कंबर गेलेली. "होडी ओढलीत तर दर्या विसरा," असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांची जुनी होडी वाळूवर घ्यायला वाडीतली आठ माणसं लागायची. ओढून झालं की त्याच होडीला टेकून मासळीचे वाटे आणि काळोख पडेपर्यंत गप्पा-गजाली! सरांनी शब्द दिला, "मी रिटायर व्हायच्या आत तुम्हाला हलकी होडी देतो."

*

सरांची खोड जुनीच. ओरोसला एका लग्नात त्यांनी बसायची खुर्ची उलटी करून खालच्या पट्ट्या तपासायला घेतल्या. मुलीचे मामा धावत आले, "मोडली काय हो?"

"नाही, का मोडत नाही ते बघतोय!"

शेजारी बसलेल्या सरांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "माका बघूक इले तेव्हा पोहे बाजूक ठेवन पयलो ट्रे उलटो करून बघितल्यानी!"

*

आमची पहिली जमलेली फळी एक दिवस गायब झाली. पंधरा दिवसांनी सापडली ती कँटीनच्या मागे, सुकटीच्या टोपलीवर झाकण म्हणून. वर जांभ्या दगडाचा भलामोठा चिरा.

कँटीनवाल्या वैनी म्हणाल्या, "लय हलकी आसा हो, वाऱ्यान उडता! म्हणान वर चिरो ठेवलंय."

मला वाटलं, सर आता भडकणार. सरांनी वाकून फळीच्या कडेवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "लिहून घे. पंधरा दिवस चिरा, वाक शून्य!"

*

मग एक साहेब तपासणीला आले आणि नेमकं टेस्टिंग मशीन बंद! सरांनी दोन स्टुलांवर फळी आडवी टाकली आणि आमच्यातल्या सर्वांत वजनदार शांतारामला वर चढायला सांगितलं.

शांतारामने आधी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही फळी मोडता नये!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. साहेबही ओरडले, तेही इथलेच.

शांताराम चढला. काडकन आवाज झाला. फळी शाबूत, स्टूल मोडलं!

*

शेवटी होडी तयार झाली. आचऱ्याच्या किनाऱ्यावर काका आणि काकी, दोघांनीच ती उचलून वाळूवर आणली. सरांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

महिन्याभराने काका स्वतः बस पकडून लॅबमध्ये हजर. सरांचा चेहरा पडला.

"गळते काय?"

"नाय."

"तडा गेला?"

"नाय हो. होडी बरी आसा. कंबर पण बरी आसा."

"मग काय झालं?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"सर, जास्त नको. चार माणसां तरी लागतीत, इतकी जड करून मिळात काय?"