किलबिलमधली रिकामी ओळ

"माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही" असं या ग्रुपवर अनुभव सांगणारा प्रत्येकजण आधी लिहितो, आणि ते वाचून मी आजवर हसत आलेय. आता माझीच पाळी. पण माझ्या अविश्वासाला निदान कारण तरी आहे. मी लग्नाचे, बारशाचे, वाढदिवसाचे व्हिडिओ एडिट करते. नवरा शूट करतो, मी घरी बसून कापते, जोडते, नावं हलवते. स्क्रीनवर फुलं पडतात, अक्षरं चमकतात, देव आशीर्वाद देतात... ते सगळं मीच लावलेलं असतं. त्यामुळे "व्हिडिओत काहीतरी दिसलं" असं कोणी सांगितलं की मला आधी त्याला सॉफ्टवेअरचं व्हर्जन विचारावंसं वाटतं.

आम्ही राहतो अनसिंगला. धाकटी बहीण शीतल इंझोरीला दिलेली. शेतीवाडीचं घर, खाऊनपिऊन सुखी. सासू कडक — कडक हा मी सभ्यपणाने वापरलेला शब्द आहे. शीतलला पहिली मुलगी झाली, स्वरा. चालायला लागली होती, तेवढ्यात तापात गेली. दवाखान्यात न्यायला उशीर कोणी केला यावर त्या घरात कधी बोलणं झालं नाही, दोष मात्र शीतलच्या माथी आला. मग मुलगा झाला, शौर्य. त्याचा पहिला वाढदिवस लग्नासारखा करायचं ठरलं आणि स्क्रीनवर लावायचा व्हिडिओ अर्थातच माझ्याकडे आला.

पत्रिकेत असतात तशीच सगळी नावं त्यात हवी होती. आधी 'कै.' लावून आजोबा, मग आजी, आईवडील, काका-काकू. आणि शेवटच्या पानावर 'किलबिल'. तिथे वर मोठ्या अक्षरात शौर्य आणि खाली घरातली बाकी लेकरं, वयाप्रमाणे एकाखाली एक. संतोषरावांनी, म्हणजे शीतलच्या नवऱ्याने, नावं पाठवली. आर्यन, तन्वी, वेदांत — तिघंही शौर्यची चुलत भावंडं.

त्याच दिवशी शीतलचा फोन आला. घरापासून लांब जाऊन बोलत असावी, वाऱ्याचा आवाज येत होता.

"ताई, किलबिलमंदी माह्या स्वराचं नाव टाकशीन का?"

सासूबाईंना चालेल का, मी विचारलं. नव्हतंच चालणार. लेकराच्या शुभकार्यात मेलेलं नाव नको, असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं.

"बुढ्याचं चालते, कै. लावून. मंग माह्या पोरीचं काहून नाई चालत? तिलेबी कै. लाव, पण टाक."

खरंच, आपल्या पत्रिकेत मेलेल्या म्हाताऱ्यांना जागा आहे, जित्या लेकरांना जागा आहे. मेलेलं लेकरू कुठे लिहायचं हे कोणी ठरवलेलंच नाही. पण नाव टाकलं असतं तर शीतलचं त्या घरात जिणं हराम झालं असतं. मी तिला तसं समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाव हलवायचं असेल तर आम्ही कीफ्रेम मारतो. कीफ्रेम म्हणजे एक खूण. या क्षणी नाव इथे, त्या क्षणी तिथे, अशा दोन खुणा मारल्या की मधला प्रवास कॉम्प्युटर करतो. खूण नसेल तर नाव जागचं हलत नाही. त्याला स्वतःची अक्कल नसते.

मी तिन्ही नावं खालून वर आणून सारख्या अंतरावर बसवली आणि प्ले केलं. नावं आली, थांबली... आणि मग वेदांत एक ओळ खाली सरकला. तन्वी आणि वेदांतच्या मध्ये एका नावापुरती जागा मोकळी झाली. स्वरा असती तर तन्वीहून लहान, वेदांतहून मोठी असती.

वेदांतच्या नावावर दोन खुणा जास्तीच्या होत्या. मी मारलेल्या नव्हत्या. पुसल्या, प्ले केलं, पुन्हा जागा पडली, खुणा पुन्हा हजर. नवीन प्रोजेक्ट उघडून सगळं पहिल्यापासून केलं, तरी तेच. नवरा पोहरादेवीचं शूट आटोपून आला. त्याने बघितलं आणि माउस गेलाय म्हणाला. नवा माउस आणला. वेदांत खाली सरकलाच.

शेवटी मी त्या जागेत 'स्वरा' टाइप करून पाहिलं. वेदांत तिच्याखाली गपचूप बसला. जास्तीची एकही खूण नाही. चार नावं, सारखं अंतर. नाव काढलं की पुन्हा जागा. मला भीती नाही वाटली, राग आला. माझ्याच भाचीला मी पुन्हा पुन्हा पुसत बसले होते आणि ते मला करायचं नव्हतं.

मग मी ते अख्खं पान एक फोटो करून टाकलं. फोटोत हलायला काही उरतच नाही. फोनवर पाहिलं, टीव्हीवर पाहिलं, सगळं जागच्या जागी. पेनड्राइव्ह घेऊन आम्ही इंझोरीला गेलो.

सकाळचा कार्यक्रम, दारात मंडप, समोर मोठी स्क्रीन. शीतलच्या मांडीवर शौर्य, डोक्यावर चमकीची टोपी. व्हिडिओ लागला. आजोबा आले, आजी आली, टाळ्या पडल्या. किलबिल आलं. आणि त्या फोटोतला, हो, फोटोतला वेदांत खाली सरकला. जागा पडली. मग वरचं शौर्यचं मोठं नाव हळूहळू लहान होत खाली उतरलं आणि त्या जागेत जाऊन बसलं.

लोकांना वाटलं डिझाइन आहे. साउंडवाल्याने माइकवर जोरदार टाळ्या मागितल्या, लोकांनी दिल्या. फक्त सासूबाई उठल्या. ती जागा कोणाची, हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी शीतलच्या मांडीवरून लेकरू उचललं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"एक खाल्लं तुनं. आता यालेबी तिच्याच जागी बसवून राह्यली. हे लेकरू नाई देत मी तुह्या हाती."

व्हिडिओ मी केलाय, तिचा काही संबंध नाही, असं मी मध्ये पडून सांगितलं. तू तिचीच बहीण, एवढंच उत्तर मिळालं. संतोषराव केककडे बघत राहिले. केक आजीने नातवाचा हात धरून कापला. घरी येऊन मी तोच पेनड्राइव्ह लावला, तर सगळी नावं जागेवर.

शौर्य ठणठणीत आहे, हे आधी सांगते, कारण तुम्ही तेच विचाराल. बोलतो, पळतो. पण त्या दिवसापासून तो आजीजवळ झोपतो, आजीच्या हातून जेवतो. शीतल स्वयंपाक करते, गोठा बघते. तो रडला तरी तिने उठायचं नाही. आजीला तो 'आई' म्हणतो. शीतलला 'शीतल' म्हणतो, कारण घरात सगळे तसंच हाक मारतात, आणि घरच्यांना त्याचं फार कौतुक आहे. त्या बाईबद्दल माझ्या मनात काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुनं प्रोजेक्ट मी ठेवलं होतं. त्यात मात्र जागा पडायची, दरवेळी. शीतल माझ्याकडे आली की चहाच्या आधी ते लावायला सांगायची. वेदांत सरकला की त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून बसायची. लेकराला तिच्यासोबत पाठवत नव्हतेच, तेवढं एक तिचं उरलं होतं.

मागच्या वेळी आली तेव्हा जागा पडली नाही. नावं आली आणि थांबली. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, बॅकअपची फाइल उघडली, खुणा शोधल्या. एकही नाही, जणू कधी नव्हत्याच. इथे जाणकार बरेच आहेत, काही सुचलं तर सांगा. फक्त माउस म्हणू नका, आणि फोटो कसा हलला तेही सांगा. मला आजपर्यंत उत्तर मिळालेलं नाही.

शीतलने सवयीने बोट स्क्रीनवर टेकवलं. तन्वी आणि वेदांतच्या मध्ये बोट शिरण्यापुरतीही जागा नव्हती.

"शौर्यले नेलं, आता तिलेबी नेलं त्यायनं," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसलं आणि इंझोरीकडची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.