बुडालेल्या गावाचा नकाशा

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की काठावर गाळाचा आणि शेवाळाचा वास सुटतो, आणि मला आमच्या बुडालेल्या गावाचा नकाशा कसा तयार झाला ते आठवतं. गाव धरणात गेलं तशी माणसं मेहकर, बुलढाणा, पार पुण्याकडं पांगली. जुन्या गावाचा एक फोटोही कुणाकडं नव्हता. एका दिवाळीत बहिणीनं आठवेल तशी आमची गल्ली कागदावर काढली आणि गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. लगेच मेहकरहून एकानं त्याच चित्रात बोटानं विहीर काढून पाठवली, दुसऱ्यानं ती पलीकडं सरकवली, आणि पूर्वी गावात शिलाईकाम करणाऱ्या चाचींचा व्हॉइस मेसेज आला, "अरे, आमच्या दारातलं बोरीचं झाड काऊन विसरले रे सारे?" भांडत, हसत, खोडत गाव उभं राहू लागलं. बाबा मात्र गाव सोडल्यापासून त्याचं नावही काढत नसत. मी भीतभीतच मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी आमच्या दारावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू नदीपर्यंत नेत म्हणाले, "इथं तुह्या मायचा धुण्याचा दगड राह्यला. थांब, मीच सांगतो त्याईले." आणि पहिल्यांदाच ते ग्रुपवर बोलले. आता बाबा नाहीत. ते गाव कधीच न पाहिलेल्या माझ्या भाचीनं परवा नकाशातल्या नदीत पोहणारी पोरं काढली, आणि एकेका उंबऱ्यावरून भांडणाऱ्या आमच्यापैकी कुणालाच ती खोडावीशी वाटली नाहीत.