चुडामण आबा वरपिता होतात

पाचोऱ्यातल्या आमच्या गल्लीत चुडामण आबांइतका कमी बोलणारा माणूस नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. बोलायचं कोणाशी? बायको मंदाबाई गेल्या, मूलबाळ नाही. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर बांधलेलं घर तेवढं आहे. समोरचा प्रेमराज मात्र संध्याकाळी बियाण्यांचं दुकान बंद केलं की थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. आबा चहा करायचे, प्रेमराज साखर कमी म्हणून कुरकुर करायचा. आबांचा दिवस त्या एका चहासाठी उगवायचा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं तर चिडतील, पण खरं तेच आहे.

प्रेमराजची मुलगी सारिका पोलंडला नोकरीला. तिने तिथलाच तोमाश निवडला आणि लग्न पाचोऱ्यात करायचा हट्ट धरला. तोमाश, त्याची आई हालिना आणि चार-पाच नातलग येणार होते. आबांच्या घरी मंदाबाईंच्या गुडघ्यांसाठी बसवलेला कमोड होता, त्यामुळे वऱ्हाड कुठे उतरवायचं यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही.

पण सारिकाच्या आईला, पुष्पाबाईंना, वेगळाच घोर. मांडवातून पोरीची पाठवणी करायची ती कुठे? विमानतळावर? माप ओलांडायला एखादा उंबरठा नको? त्यात तोमाशला वडील नव्हते. शेवटी प्रेमराज म्हणाला, "आबा, तुम्हीच नवरदेवना बाप व्हई जा."

आबा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि आम्ही सगळ्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

लग्नाच्या त्या आठवड्यात आबांच्या घराला आम्ही ओळखेनासे झालो. हालिनाबाई पोलिशमध्ये बोलत, आबा अहिराणीत, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. वरण-बट्टी कशी चुरायची हे आबांनी त्यांना शिकवलं, सुनेला कसं ओवाळायचं तेही शिकवलं. फेटा बांधून मिरवणुकीत चालताना ते इतके ताठ होते की कोणीतरी म्हणालं, आबांना फेटा नाही, पाठीला काठी बांधलीय. सारिका माप ओलांडून आत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "आबा, मीठ कुठे ठेवता?" हा प्रश्न आबांनी पुढे आम्हा प्रत्येकाला निदान दोनदा सांगितला.

मग पाहुणे मुंबईच्या गाडीत बसले, सारिकाही गेली. घर रिकामं झालं, तरी आबा फारसे खचले नाहीत. संध्याकाळी प्रेमराज येणारच होता.

प्रेमराज आला नाही. दोन दिवस वाट पाहून आबा स्वतःच समोर गेले. त्या घरात एरवी ते ओट्याशेजारी पाट ओढून बसत आणि पुष्पाबाई तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकत. आता पुष्पाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. खुर्चीवर स्वच्छ टॉवेल अंथरला. निघताना टोपी आणि नारळ दिला. जावयाच्या बापाला आणखी काय देतात? आबांना ती टोपी हातात धरून गल्ली ओलांडताना मी पाहिलं. इतकं एकटं मी त्यांना मंदाबाईंच्या दहाव्यालाही पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी प्रेमराज आबांच्या पायरीपर्यंत आला. मी माझ्या ओट्यावर होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"ये मधमा. चहा ठेवेल शे," आबांनी आत बोलावलं.

"नको, याही." व्याह्याला आमच्याकडे याही म्हणतात. "आते हाई पोरनं सासर शे. अठे पानी बी चालाव नही."

"कोनी सांगं?"

"पुष्पा सांगस. बठ्ठा गाव सांगस."

"मंग टपरीवर चाल."

"याहीले टपरीवर चहा पाजू? लोके काय म्हणतीन?"

मग आबांनी मुदत विचारली, "कधलोंग?"

"नातू व्हई तवलोंग."

आबांचा चेहरा खुलला. "इतलंच ना? वरीसभर थांबसूत."

प्रेमराज पायरीकडे बघत राहिला. सारिकाचा फोन आला होता म्हणाला. पुष्पाबाईंनी नातवाचा विषय काढला होता. "त्या दोन्हीस्नं पहिलेच ठरेल शे, आबा. पोरंबाळं नको."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'आबा' आलं होतं. तरी तो पायरी चढला नाही. जायचंही त्याच्या जिवावर आलं होतं, हे मला इतक्या लांबून दिसत होतं. शेवटी त्याने हात जोडले. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना कधी नमस्कार केला नव्हता.

आबांनीही हात जोडले.