ओसरीवर बोललेलं खोटं

वडनेरजवळच्या आमच्या गावात आम्ही तेरा बायका मिळून तुरीची दालमिल चालवतो. मी गटाची सचिव. मिलमध्ये पैसा लावला तो शहरातल्या एका फंडाने. लोकांचं भलंही व्हावं आणि लावलेला पैसा थोडा वाढूनही यावा, असं त्यांचं काम. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. पैसा बुडाला तर काय, हे त्यांनी करारात पानं भरभरून लिहिलं होतं. झालेलं भलं कोणाला दिसलंच नाही तर काय, हे मात्र कुठेच नव्हतं.

वर्ष संपताना फंडाची एक मुलगी टॅबलेट घेऊन पाहणीला आली. गोड पोरगी, उन्हानं लालबुंद झालेली. आम्ही सगळ्या मिलच्या ओसरीवर बसलो, चहा झाला, आणि तिनं पहिला प्रश्न मलाच टाकला, "ताई, तुमचं उत्पन्न वाढलं का?"

आता चारचौघींत आपलं बरं चाललंय असं आमच्याकडे कोणी बोलतं का? नजर लागते! मी हसून म्हटलं, "कायचं वाढते बाई, जसं होतं तसंच हाये." माझं ऐकून बाकी बाराजणींनीही तेच सांगितलं. तिनं बिचारीनं सगळं खरं मानून टिपून घेतलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. आमच्या आयुष्यात काही फरक पडला नाही, म्हणून दुसरा हप्ता थांबवला होता. त्या हप्त्यातून डाळ वाळवायची शेड व्हायची होती. शेड नसली की पावसाळाभर मिल बंद, आणि आणखी एक पावसाळा बंद राहिली असती तर ती पुन्हा सुरू झाली नसती. मला भयंकर राग आला. आधी फंडाचा, मग स्वतःचा. खोट्याची सुरुवात मीच तर केली होती.

मी फंडाच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, आम्ही खोटं बोललो." आठवड्याभरात ते स्वतःच आले. हायवेवरच्या जाम गावच्या चौकातून त्यांना घेऊन यायला मी गेले होते.

पुन्हा तीच ओसरी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं उत्पन्न वाढलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी माझ्या पैशानं केलं." बायका माझ्याकडे, मला वेड लागल्यासारखं बघत राहिल्या.

मग चाळणीवर माझ्यासोबत काम करणारी गोंड बाई बोलली. एरवी ती फारसं बोलत नाही. "माह्यंही बरं झालं, साहेब."

"किती रुपयांचा फायदा लिहू?"

"रुपये मले नाई सांगता येत. दिवाळी झाली का मी पोरीले घेऊन परगावी मजुरीले जात होती. यंदा गेलीच नाई. पोरगी पयल्यांदा वर्षभर शाळेत गेली."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट केला. याला रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी ते समासात लिहिलं. त्यानंतर बायका अशा काही सुटल्या की समासही पुरेना.

हप्ता आला, शेड उभी राहिली. यंदा पाहणीचा फॉर्मही नवा आला. पहिलाच प्रश्न होता, या वर्षी तुमच्या घरातलं कोणी मजुरीसाठी परगावी गेलं का? मी तो वाचून दाखवला. चाळणीवरचा हात थांबवून ती गोंड बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाई. आमच्या घरचं कोनीच गेलं नाई."