बोहारणीकडचं झबलं

आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं दुसऱ्या धडधाकट मुलाचं, वापरलेलं घालतात. पैसेही वाचतील म्हणून मी सांगलीच्या आठवडी बाजारात बोहारणीकडून जुनं झबलं घेतलं आणि बाळाला घातलं.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या पोराचं हाय? ते पोर जगलंय नव्हं?"

मी विचारलंच नव्हतं. पुढच्या बाजारी बोहारणीला विचारलं. ती हसली. "आवं बाई, भांडी देऊन कापडं घेताना पोरांची खुशाली कोण इचारतंय?"

घरी येऊन मी सासूबाईंना खोटंच सांगितलं, "तिच्याच नातवाचं हाय. आता शाळंला जातोय." त्यांचं समाधान झालं. मी मात्र बाळ रांगायला लागेपर्यंत, ते झोपलं की नाकापुढं बोट धरून श्वास चालू आहे का बघायची.